चौकटीच्या कडा

चि. सायली हिस,


वारीचे आळंदीतले फोटो मिळाले. उजेड बरा साधलाय, फोकसही नेमका आहे. तेव्हा नव्या कॅमेऱ्याचा हट्ट तूर्त बाजूला ठेव. माझी तक्रार वेगळीच आहे. तुला माणूस दिसतो, त्याच्या मागचं काही दिसत नाही. तुळस घेतलेल्या त्या आजींच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, आणि डावीकडे कुणाचं तरी अर्धं कोपर घुसलंय. दोन पावलं उजवीकडे सरकली असतीस तर दोन्ही गेलं असतं. बटण दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लाव. फोटो बहुतेक वेळा कडेलाच बिघडतो.

मोबाइलमध्ये ग्रिड सुरू कर. दोन उभ्या, दोन आडव्या रेषा. त्या छेदतात तिथे मुख्य विषय, आणि क्षितिज मधोमध न घेता वरच्या किंवा खालच्या रेषेवर. हा एक-तृतीयांशाचा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्येच मांडला होता, म्हणजे फोटोग्राफी जन्मायच्या आधी. हात बसेपर्यंत तो पाळ, पण त्याची पूजा मांडू नकोस. माउलींचा रथ अगदी समोरून येत असेल, तर तो खुशाल मधोमध घे.

आता वारीच्या वाटेवरचा दिवे घाट. वरच्या डोंगरावरून वळणावळणाने चढणाऱ्या दिंड्या दरवर्षी सगळेच टिपतात. रस्त्याची ती रेघ नजरेला आपोआप आत नेते, म्हणून फोटो चांगलाच येतो. तूही काढ, आणि मग खाली उतर. चालणाऱ्या माणसाच्या पुढ्यात जागा मोकळी सोड, नाहीतर तो चौकटीवर आपटल्यासारखा वाटतो. कधी गुडघ्यावर बसून पाहा; झेंडे आभाळावर येतात आणि मागची गर्दी गळून पडते.

फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा फ्रान्समधल्या इएर गावचा फोटो शोधून पाहा. वरून दिसणारा वळणाचा जिना, कठड्याच्या रेषा, आणि कोपऱ्यातून निसटणारा अस्पष्ट सायकलवाला. हा गृहस्थ आधी चित्रकला शिकला होता, ते इथे कळतं. सायकलवाला काढून टाकलास तर नुसता जिना उरतो. जिना काढलास तर काहीच उरत नाही. म्हणून घाटानंतर सासवडला माणसांमागे धावू नकोस. एखादं जुनं दार, एखादी उन्हातली भिंत हेर, चौकट पक्की कर आणि कुणी येईपर्यंत थांब. दारं-आरसे चौकटीसारखे कसे वापरावेत हे पाहायचं तर छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचं ‘अ वे इन्टू इंडिया’ हे पुस्तक मिळव. अ‍ॅम्बॅसिडर गाडीतून आणि गाडीभोवती त्यांनी सगळा देश टिपलाय.

परत आलीस की निवडून दहाच फोटो पाठव. आणि नंतर क्रॉप केलेले नकोत, काढलेस तसेच पाठव.

तुझा,
मामा