गोळीची ताकद आणि हवेतलं पाणी

चि. मृण्मयी हिस,


वेर्ण्याच्या औषध कारखान्यात, गोळ्या दाबून घडवणाऱ्या कॉम्प्रेशन विभागात रुजू झालीस, फार आनंद झाला. आता हार्डनेस टेस्टरवर गोळ्या मोडून आकडे लिहिणं हे तुझं रोजचं काम. तो आकडा इमानाने लिही, पण ती गोळीची कायमची ताकद आहे असं मानू नकोस. मशीनमधून बाहेर पडलेली गोळी हवेशी पाण्याची देवघेव करत राहते, आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर असते.

तरी पाण्याला निव्वळ शत्रू ठरवू नकोस. गोळीत घालतात त्या मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजमध्ये एरवीही ५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यामुळेच त्याचे कण दाबाखाली लवतात आणि एकमेकांना धरतात. गोळी दाबण्याआधीचे दाणे, म्हणजे ग्रॅन्युल, फार सुकवले की कॅपिंग होतं, गोळीची टोपी उडते. ओले राहिले की ते मशीनच्या पंचाला चिकटतात. साठवणीत तर हेच पाणी दोन उलट कामं करतं. सेल्युलोजच्या गोळीत जास्तीचं पाणी शिरलं की कणांमधले बंध सैल होतात, गोळी मऊ पडते. लॅक्टोजसारखा विरघळणारा पदार्थ असेल, तर कण जिथे टेकतात तिथे तो किंचित विरघळतो, हवा कोरडी झाली की तिथेच पुन्हा स्फटिक बनतो, आणि पावसात ओलावलेल्या मिठाचा पुढे खडा व्हावा तशी गोळी कडक होते. ही कडक गोळी मला जास्त धोक्याची वाटते. ती हार्डनेसमध्ये दिमाखात पास होते, पण पाण्यात उशिरा फुटू शकते. आणि साध्या, आवरण नसलेल्या गोळीला इंडियन फार्माकोपिया १५ मिनिटांचीच मुदत देतो.

तू म्हणशील, गोळी मऊ पडू नये म्हणून सुरुवातीलाच दाब वाढवू. पण पाणी ज्या बंधांवर घाला घालतं, ते दाब वाढवून वाचत नाहीत; शिवाय अतिदाबानेही कॅपिंग होतं. पॅकिंग चांगलं असलं की झालं, हा दुसरा युक्तिवाद अर्धा खरा आहे. साध्या पीव्हीसीतून बाष्प आत जातं, दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम असलेलं अॅल्यु-अॅल्यु पॅकिंग ते अडवतं. पण गोळीत आधीच शिरलेलं पाणीही ते आतच कोंडतं. आणि पॅकिंगची वाट बघत ड्रममध्ये पडून राहिलेल्या गोळ्यांना यातलं कुठलंच संरक्षण नसतं.

तेव्हा ड्रम उघडशील तेव्हा हार्डनेस पुन्हा घे, सोबत जाडी आणि फुटण्याचा वेळही घे. गोळी फुगून जाड झाली असेल, तर तेवढ्याच बलाला तिचं ताणबल कमी भरतं. मोडताना नीट बघ: धडधाकट गोळी व्यासावर कट्‌कन दुभंगते, ओलावलेली टेस्टरच्या जबड्यात चेपत जाते. चेपताना दिसली, तर आकडा हद्दीत असला तरी तो ड्रम पॅकिंगला सोडू नकोस. आधी वरिष्ठांना दाखव.

कळावे,
तुझी मावशी