गॅलन नक्की कुणाचा?

मागच्या सेमिस्टरला एका गणिताने माझे पाच मार्क घालवले. पंपाचा डिस्चार्ज दिला होता मिनिटाला १०० गॅलन. मी बिनधास्त ४.५४६ ने गुणून ४५४.६ लिटर लिहून मोकळा! उत्तर हवं होतं ३७८.५. म्हणजे माझं उत्तर तब्बल २० टक्के जास्त. पेपरात मार्कच गेले. साईटवर याच हिशोबाने पंप मागवला असता तर?

मित्रांनो, गोम अशी की गॅलन दोन आहेत. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. अमेरिकेने मात्र इंग्लंडचाच जुना 'वाइन गॅलन' ठेवला, तो २३१ घन इंचांचा. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळं काढता येतं. १ इंच म्हणजे २.५४ सेंमी, त्याचा घन १६.३८७. त्याला २३१ ने गुणा : ३७८५.४ घन सेंमी, म्हणजेच ३.७८५ लिटर.

पुढे नुसतं भागत जायचं :

गॅलन ÷ ४ = क्वार्ट (९४६ मिली)
क्वार्ट ÷ २ = पिंट (४७३ मिली)
पिंट ÷ २ = कप (२३७ मिली)
कप ÷ ८ = फ्लुइड औंस (२९.६ मिली)

पण सावधान! अमेरिकन पिंटमध्ये १६ औंस असतात, ब्रिटिश पिंटमध्ये २०.

तेव्हा गणितात गॅलन दिसला की आधी पुस्तकाचा लेखक कुठला ते बघा. पुस्तक कुठे छापलंय ते बघून उपयोग नाही, कारण आपली स्वस्त आवृत्ती बहुधा भारतातच छापलेली असते. माझे पाच मार्क गेले, तुमचे तरी वाचोत!