हॉकीचे क्रीडागार आणि मुदतीचे गणित

एखाद्या नव्या क्रीडागाराची पायाभरणी झाली की त्या परिसरात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : हे बांधकाम ठरल्या वेळी पुरे होईल काय? हा प्रश्न बहुधा कुतूहलापोटी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा अंदाजानेच दिले जाते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी अगोदर काढता येते. मात्र त्यासाठी काही कागद वाचावे लागतात आणि पंचांगही पाहावे लागते.

हॉकीचे क्रीडागार हे इतर मैदानांहून वेगळे का, हे प्रथम पाहू. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळले गेले. तोवर सात सुवर्णपदके मिळविणारा भारत तेथे सातव्या स्थानावर राहिला. तेव्हापासून कृत्रिम हिरवळीवाचून उच्च दर्जाचे हॉकी नाही, अशी स्थिती झाली. गवताच्या वा मुरुमाच्या मैदानावर सराव करणारा विद्यार्थी राज्यस्तरावर पोहोचतो तेव्हा चेंडूचा वेग, त्याची उसळी व पायांखालची पकड सर्वच त्याला अपरिचित असते. म्हणून मैदान एक वर्ष उशिरा झाले, तर सोळा वर्षांखालील मुलांची एक तुकडी त्यावर न खेळताच त्या वयोगटातून बाहेर पडते. इमारतीचा खर्च वाढतो त्याची नोंद होते. या हानीची नोंद कोठेही होत नाही.

हॉकीचे क्रीडांगण ९१.४० मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते. भोवतालची मोकळी पट्टी धरून सुमारे १०१ मीटर बाय ६३ मीटर एवढे क्षेत्र तयार करावे लागते. ही हिरवळ म्हणजे केवळ अंथरलेला गालिचा नव्हे. खाली दाबून घट्ट केलेली माती, तिच्यावर खडीचे थर, त्यावर डांबराचा थर, त्यावर धक्का शोषून घेणारा लवचीक थर आणि सर्वांत वर हिरवळ, अशी ही रचना असते. प्रत्येक थर मागच्या थरावर अवलंबून असतो. मातीच्या भरावात जी खोट राहील ती वर्षा-दोन वर्षांत हिरवळीवर उंचवटा वा खळगा होऊन दिसते. शिवाय पाण्याचा निचरा करणाऱ्या नलिका, पाणी फवारणारी यंत्रणा व तिला पुरेल असा पाण्याचा साठा हे सारे आलेच. कारण या प्रकारच्या हिरवळीवर सामन्यापूर्वी हजारो लिटर पाणी फवारावे लागते.

आता पंचांगाकडे वळू. समजा, पालघर तालुक्यातील नवापूरसारख्या किनाऱ्यावरील गावी असे मैदान करावयाचे आहे आणि कार्यारंभ आदेशात आठ महिन्यांची मुदत दिलेली आहे. आदेश ऑक्टोबरच्या आरंभी निघाला, तर मे अखेरपर्यंत पुरे आठ महिने कोरडे मिळतात. तोच आदेश फेब्रुवारीच्या आरंभी निघाला, तर मुदत सप्टेंबर अखेर संपते. परंतु त्यांपैकी जून ते सप्टेंबर हे चार महिने कोकणच्या पावसाचे. ओल्या भरावावर दाबकाम नीट होत नाही, डांबर धरत नाही आणि हिरवळीचे सांधे ओलाव्यात चिकटत नाहीत. म्हणजे कागदावर मुदत आठ महिन्यांचीच, पण प्रत्यक्षात कामाचे महिने चार! निविदा प्रक्रियेत तीन-चार महिने गेले तर काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. शिवाय भरती-रेषेलगतच्या जागेला किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. ती परवानगी हाती येण्यापूर्वी मुदत मोजू लागणे निरर्थक होय.

मुदतीत पुऱ्या झालेल्या कामाचे अलीकडील ठळक उदाहरण ओडिशातील राउरकेला येथील बिरसा मुंडा आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियमचे आहे. सुंदरगढ हा आदिवासीबहुल जिल्हा. दिलीप तिर्की यांच्यासारखे खेळाडू देणारा. तेथे फेब्रुवारी २०२१ मध्ये पायाभरणी झाली, ५ जानेवारी २०२३ रोजी उद्घाटन झाले आणि १३ जानेवारीस विश्वचषक स्पर्धेतील भारत व स्पेन यांचा सामना तेथे खेळला गेला. आसनक्षमता वीस हजारांहून अधिक. हे काम पंधरा महिन्यांत झाले असे सांगितले जाते. पायाभरणीपासून मोजल्यास मात्र जवळजवळ तेवीस महिने होतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. फरक आहे तो मोजणी कोठून सुरू केली याचा. म्हणून कोणत्याही प्रगती अहवालात मुदतीचा पहिला दिवस कोणता धरला आहे, हे आधी पाहावे. पायाभरणीचा, आदेशाचा, की जागेचा ताबा मिळाल्याचा? उद्घाटन आणि पहिला सामना यांत राउरकेला येथे अवघे आठ दिवस होते, हेही विसरता कामा नये. यश मिळाले, तरी हाती राहिलेला वेळ अगदी अल्प होता.

याउलट दिल्लीचा अनुभव. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद भारतास नोव्हेंबर २००३ मध्ये मिळाले. हाती सात वर्षे होती. मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियम जानेवारी २०१० मध्ये तयार झाले व फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे हॉकीचा विश्वचषकही पार पडला. परंतु हॉकीच्या सरावासाठी योजिलेले शिवाजी स्टेडियम स्पर्धेच्या वेळी उपयोगात आणता आले नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११ मधील अहवालाने आरंभीची वर्षे वाया गेल्याकडे लक्ष वेधले. एकाच नगरीत, एकाच स्पर्धेसाठी, एक मैदान वेळेवर आणि दुसरे नाही. तेव्हा विलंबाचे खापर केवळ पावसावर वा मजुरांच्या तुटवड्यावर फोडणे पुरेसे ठरत नाही.

महाराष्ट्रात वेगवान बांधकामाचा दाखला म्हणून मुंबईच्या वानखेडे स्टेडियमचे नाव घेतले जाते. सुमारे तेरा महिन्यांत ते उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये भारत व वेस्ट इंडिज यांचा कसोटी सामना तेथे झाला. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकापूर्वी त्याची पुनर्बांधणी झाली व २ एप्रिलचा अंतिम सामना तेथेच झाला. त्याच स्पर्धेत कोलकात्याच्या ईडन गार्डन्सचे काम वेळेत न झाल्याने भारत व इंग्लंड यांचा सामना बंगळूरला हलवावा लागला. सामन्याची तारीख कोणासाठी थांबत नाही, हा अशा बांधकामांवरचा सर्वांत कडक अंकुश होय. तालुक्याच्या मैदानापुढे अशी तारीख नसते. म्हणूनच तेथे मुदतवाढ सहज मागितली जाते आणि, खरे सांगावयाचे तर, सहज दिलीही जाते.

नवापूरच्या परिसरातील वाचकांना दूर जाण्याचे कारण नाही. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांचे काँक्रीट काम मार्च २००० मध्ये सुरू झाले आणि मार्च २००५ मध्ये चौथा संच कार्यान्वित होण्याच्या टप्प्यावर पोहोचला, तोही नियोजित वेळेच्या आधी. क्रीडागारापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे काम आपल्याच किनाऱ्यावर मुदतीपूर्वी होऊ शकले. मात्र पोफरण व अक्करपट्टी येथील विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ न्यायालयात राहिला. संच पुरा झाला म्हणजे प्रकल्प पुरा झाला काय, याचे उत्तर त्या गावांतील लोक निराळे देतील.

पंचायत सदस्य वा शिक्षक यांनी कामाच्या जागी गेल्यावर काय पाहावे? खर्चाची टक्केवारी पाहून समाधान मानू नये. प्रेक्षकांसाठीच्या पायऱ्या, कमान व कुंपण यांवर निम्मी रक्कम खर्ची पडलेली असते आणि मैदानाचा भराव अद्याप तपासलेलाही नसतो, असे होऊ शकते. ज्या कामावर पुढील सर्व कामे अडून आहेत, ते कोठवर आले हे विचारावे. भरावाच्या घट्टपणाची चाचणी झाली काय? निचऱ्याच्या नलिका डांबरीकरणापूर्वी बसल्या काय? हिरवळ परदेशातून मागविली असल्यास मागणीपत्र केव्हा गेले? पाण्याची जोडणी कोणाकडून व केव्हा मिळणार? मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत डांबराचा थर पडलेला नसेल, तर त्या वर्षी हिरवळ अंथरली जाणार नाही, असे समजून शाळेने सरावाची पर्यायी सोय आताच ठरवावी. आणि पावसाळ्यात मुदतवाढीचा प्रस्ताव आलाच, तर उघडलेला भराव चार महिने कसा झाकून ठेवणार, हे त्यात लिहून घ्यावे. अन्यथा ऑक्टोबरात तेच काम पुन्हा पायापासून करावे लागेल.