बेत सगळ्यांचा

आई-बाबांनो, दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं हा विषय आपल्या घरांत साधारण गणपतीच्या आसपास निघतो. निघावाच लागतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. मग घरातलं एक माणूस रात्रीची जेवणं उरकल्यावर मोबाइल घेऊन बसतं. तेच गाडी बघतं, हॉटेल ठरवतं, फिरायच्या गाडीचा भाव करतं. बाकीचे निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरतात. मुलांना गावाचं नाव तेवढं माहीत असतं. ते किती लांब आहे, तिथे काय आहे, पैसे किती लागणार, आणि मुळात तिथेच का जायचं, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. आणि गाडी सुटल्या सुटल्या त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं की आपल्याला वाईट वाटतं.

मला वाटतं, यात मुलांचा दोष फार थोडा आहे. ज्या बेतात आपल्याला कुणी काही विचारलंच नाही, त्याबद्दल उत्सुकता वाटणार तरी कशी?

म्हणून यंदा आमच्या घरी बेत आखायचं काम मुलांकडे दिलं. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. जायचं होतं छत्रपती संभाजीनगरला, अजिंठा-वेरूळ बघायला, आणि सोबत आजी. त्यासाठी आम्ही वँडरलॉग नावाचं प्रवासाच्या आखणीचं ऑनलाइन साधन वापरून पाहिलं. आमच्यासाठी ते अगदी नवं होतं. तुम्ही हेच वापरा असा आग्रह नाही. गुगलच्या माय मॅप्सवरही यातलं बरंच करता येतं. पण हे असतं कसं ते सांगते. पडद्यावर एका बाजूला दिवसवार यादी असते आणि दुसऱ्या बाजूला नकाशा. ठिकाणाचं नाव टाकलं की ते यादीतही येतं आणि नकाशावरही टोचलं जातं. एका ठिकाणाहून दुसऱ्यापर्यंत किती अंतर, किती वेळ, ते मधे दिसतं. ठिकाण बोटाने उचलून दुसऱ्या दिवसात नेता येतं. प्रत्येक ठिकाणाखाली टिपण लिहायला जागा असते, खर्च मांडायला वेगळी जागा असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातली सगळी माणसं आपापल्या फोनवरून त्या एकाच बेतात लिहू शकतात.

सुरुवातीला एकच नियम केला: ज्याला जे बघायचं आहे त्याने ते टाकायचं आणि खाली एका ओळीत लिहायचं, का बघायचं आहे.

धाकट्याने पहिलं ठिकाण टाकलं लोणार. कारण लिहिलं, ‘उल्का पडून खड्डा झालाय आणि २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं.’ थोरलीने देवगिरीचा किल्ला टाकला; तिथल्या अंधाऱ्या भुयारी वाटेबद्दल तिने वाचलं होतं. मुलांच्या बाबांनी पाणचक्की टाकली. आजी म्हणाल्या, मला काही नको, तुम्ही न्याल तिथे येईन. आजी हेच म्हणतात, नेहमी. पण नियम म्हणजे नियम, म्हणून नातवाने त्यांच्यासमोर फोन धरला आणि ‘का’ची ओळ सांगितल्याशिवाय हलायलाच तयार होईना. तेव्हा कुठे कळलं की त्यांना घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं आहे. त्यांच्या सासूबाईंचं ते राहून गेलं होतं. इतकी वर्षं एका घरात राहून हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मीही माझी ओळ लिहिली. शाळेत असताना चित्रकलेच्या वहीत मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी काढायचा प्रयत्न केला होता. त्याच्यासमोर मला घाई न करता उभं राहायचं होतं. तिथे आत अंधार असतो, चित्रांना त्रास होऊ नये म्हणून उजेड मंद ठेवलेला असतो, आणि डोळे त्या अंधाराला सरावायला वेळ लागतो. रांगेतून पुढे सरकत गेलं तर हातात काहीच लागत नाही. मी लिहिलं, ‘इथे मला वेळ हवा.’ मुलीने ते वाचलं आणि विचारलं, ‘आई, तू चित्र काढायचीस?’ त्या संध्याकाळी आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. नववीतल्या मुलीशी सरळ समोर बसवून बोलायला गेलं की ती मिटते, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. हातात एखादं समाईक काम असलं की बोलणं आपोआप निघतं.

आता आखणीचं. थोरलीने आधी एका एआय मदतनिसाकडून तयार आराखडाच मागवला. दिसायला झकास होता. त्यात लोणार आणि अजिंठा एकाच दिवशी होते. ती ठिकाणं तिने नकाशावर टाकली आणि स्वतःच थबकली. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर, उत्तरेकडे. लोणार पूर्वेला, जालन्याच्या बाजूने सुमारे दीडशे किलोमीटर. दोन्ही एका दिवसात म्हणजे सगळा दिवस गाडीत. मी शेजारीच होते, पण काही बोलले नाही. शब्दांत लिहिलेला आराखडा खरा वाटतो; नकाशावर तोच पसरला की त्याचा खरेखोटेपणा दिसतो. हे तिने स्वतः पाहिलं याचं मोल मला फार वाटतं. पुढच्या आयुष्यात या मुलांना यंत्राकडून अशी सुबक उत्तरं रोज मिळणार आहेत. ती पडताळून बघायची सवय आत्ताच लागायला हवी, आणि सहलीचा बेत हे त्यासाठी फार चांगलं निमित्त आहे, कारण तिथे चूक झाली तर ती आपल्याच पायांना भोगावी लागते.

मग मुलांनी नवा बेत मांडला. रविवारी पहाटे देवगिरी एक्सप्रेसने पोचायचं, त्या दिवशी विश्रांती आणि संध्याकाळी बीबी का मकबरा. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. इथे आम्ही दोघं आई-बाबा एकमेकांकडे बघायला लागलो, कारण अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. दोन्ही दिवस नेमके चुकले होते! तोंडावर आलेले शब्द गिळायला त्या क्षणी फार कष्ट पडले. पण गिळले. बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, ‘प्रत्येक ठिकाणाच्या वेळा बघितल्यात का?’ धाकट्याने एकेक ठिकाण उघडून वेळा वाचायला घेतल्या आणि ओरडलाच. मग त्याने दोन बोटांनी दोन दिवसांची अदलाबदल केली. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. एका अदलाबदलीत दोन्ही अडचणी सुटल्या, आणि वर आजींना घृष्णेश्वर सोमवारी मिळाला, कारण देऊळ वेरूळलाच, लेण्यांपासून अगदी जवळ. आजींचा आनंद काय वर्णावा! सोमवारी गर्दी असणार हे त्यांना सांगून बघितलं, पण त्यांना सोमवारच हवा होता.

आई-बाबांनो, मला कळकळीने सांगायचं आहे ते हेच, की त्या क्षणी आपण गप्प राहायला हवं. उत्तर आपल्याला माहीत असतं. ते सांगून टाकलं की काम दोन मिनिटांत होतं आणि मूल पुन्हा आपल्या मागे येणारा प्रवासी होतं. योग्य प्रश्न विचारून थांबलं की वेळ जातो, चिडचिड होते, ‘तूच कर ना मग’ असंही ऐकावं लागतं. तरी थांबा. दिवसांची अदलाबदल करताना त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं, ते आपण त्याला दिलेल्या कुठल्याही वस्तूने आणता आलं नसतं.

आजींच्या गुडघ्यांचा विचारही त्यातूनच आला. देवगिरीवर पायऱ्या किती आहेत हे वाचल्यावर थोरलीने आपल्याच आवडत्या किल्ल्याखाली लिहिलं, ‘आजी आणि एक जण खाली थांबणार, आळीपाळीने.’ वेरूळची ३४ लेणी सगळी बघायची हा धाकट्याचा हट्ट होता. कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं, प्रवेशद्वारासमोरच आहे. जैन लेणी मात्र पार उत्तरेच्या टोकाला. म्हणून आजींसाठी कैलास आणि देऊळ, बाकीच्यांसाठी जमेल तेवढं, असं ठरलं. अजिंठ्याला गाडी खाली सोडून एसटीच्या बसने वर जावं लागतं आणि नंतर पायऱ्या चढायच्या. तिथे डोली मिळते हे शोधून धाकट्याने टिपण केलं. ‘आजीचा विचार करा’ असं मी या मुलांना कितीदा सांगितलं असेल. ते सांगण्यातून जे आलं नाही ते पायऱ्यांची माहिती वाचण्यातून आलं.

खर्चाचं पानही मुलांसमोर उघडं ठेवलं. आपल्याकडे मुलांसमोर पैशांचं बोलू नये असं मानणारी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यामागची माया मला समजते. पण रक्कम समोर दिसली की हट्टाचा सूर बदलतो. रेल्वेत ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, नको असेल तर अर्धं. हे वाचून धाकटा म्हणाला, मी आजीजवळ झोपतो. (रात्रभराचा प्रवास, आजींची झोप, त्याला बर्थ काढलाच. पण त्याचं ते म्हणणं खर्चाच्या पानावर आम्ही तसंच राहू दिलं.) पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, याचाही दोघांना भारी आनंद.

आता काही काळजीच्या गोष्टी, कारण काळजी घ्यायला हवीच.

खातं आईच्या किंवा बाबांच्या नावाने उघडा. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. कायदा आपल्या बाजूने असला तरी पहिली राखण आपलीच. बेताची लिंक कुणाला दिली आहे आणि ती उघडणाऱ्याला काय काय दिसतं, हे मुलांसोबत बसून तपासा. तुमचं घर कोणत्या दिवशी बंद असणार हे त्या बेतात स्पष्ट लिहिलेलं असतं. आधार क्रमांक, तिकिटाचा पीएनआर, कार्डाचे आकडे यांपैकी काहीही त्यात नको. तिकिटं काढणं आणि पैसे भरणं मोठ्यांकडेच राहू द्या. अशी साधनं ई-मेलमधून आरक्षणं आपोआप उचलायची परवानगी मागतात. ती आम्ही दिली नाही. दोन आरक्षणं हाताने लिहायला कितीसा वेळ लागतो?

आणि सगळा बेत कागदावर उतरवा. आमच्या मुलाने तो सुवाच्य अक्षरात लिहून आजींच्या पिशवीत ठेवला. घाटात नेटवर्कचा भरवसा नसतो, हे एक कारण. दुसरं असं की ही साधनं कायमची नसतात. गुगलने स्वतः २०१६ मध्ये गुगल ट्रिप्स नावाचं असंच ॲप आणलं होतं, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. जाण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवूनही ठेवा.

आणखी एक. मुलं दिवस गच्च भरतात. यादीत जागा दिसली की तिथे काहीतरी टाकावंसं वाटतं. साधन दोन ठिकाणांमधला वेळ सांगतं, पण त्यात चहा नसतो, उन्हात थांबणं नसतं, बायकांना स्वच्छतागृह शोधायला लागणारा वेळ तर मुळीच नसतो. तिथे मात्र पालकांनी आपला हक्क बजावावा. आम्ही रोजची दुपार मोकळी ठेवायला लावली आणि त्यावरून घरात चांगलीच वादावादी झाली. मुलीने शेवटी एका दुपारी ‘काही नाही’ असं ठिकाणच लिहून टाकलं.

लोणार यंदा बसलं नाही. धाकटा रडवेला झाला होता, ते लपवत नाही. पण यादीतून ते काढायचं नाही असं ठरलं. ‘पुढच्या वेळी’ असा एक वेगळा भाग करून तिथे ते ठेवलं आहे. त्याखाली त्याने जालन्यापर्यंतच्या गाड्या लिहायला सुरुवातही केली आहे. तुमच्या घरी अजून काही ठरलं नसेल तर या रविवारी नकाशा उघडा, फोन मुलांच्या हातात द्या, आणि पहिलं ठिकाण त्यांना टाकू द्या.