झाडं न लावता खाडी कशी सुधारते?

प्रश्न : नेरूळच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो टिकावेत म्हणून भरतीचं पाणी आत येऊ द्या, अशी मागणी होते. पाणथळ जागा वाचवायची तर खारफुटी लावायची, एवढंच आम्ही ऐकत आलो. नुसतं खारं पाणी सोडून काय साधणार?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर : झाडं लावलेली दिसतात, पाण्याची ये-जा दिसत नाही, तुमचा पेच तिथेच आहे. खाडीकाठी मात्र मूळ काम पाण्याचं. झाडं त्याच्यामागून येतात.

आपल्याकडे साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. तिच्याबरोबर गाळ, क्षार, कोळंबीची आणि माशांची पिल्लं आत येतात. ओहोटी साचलेली घाण घेऊन जाते. ही वाट बुजली, की उन्हाळ्यात तळं आटतं, नाहीतर पाणी कोंडून शेवाळ माजतं आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलाव सुकला, त्या परिसरात फ्लेमिंगो दगावले. नेरूळ जेट्टीकडून पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या करा, या मागणीला तेव्हापासूनच जोर आला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करायला मान्यता दिली.

शेजारी ठाणे खाडी असताना तळं हवंच कशाला, असंही विचारलं जातं. खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. पण फ्लेमिंगो चरतो ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर. भरतीत तो चिखल खोल बुडाला, की पुढचे काही तास विसाव्याला उथळ पाणी लागतं, आणि ते सीवूड्सच्या तळ्यांत मिळतं. तळी गेली तर अभयारण्यही अर्धंच उरेल, असं मला वाटतं.

आता झाडांबद्दल. तिवराची मुळं चिखलातून वर डोकावून हवा घेतात. पाणी कायमचं तुंबलं तर ती गुदमरतात. उलट पाणी खेळतं असेल तिथे भरतीबरोबर वाहत आलेल्या बिया आपोआप रुजतात. आणि उघड्या चिखलावर दाट रोपं लावली, तर पक्ष्यांची चरायची जागाच जाते. लागवड वाईट नाही, पण ती कुठे करायची हे भरतीची पातळी पाहून ठरवावं लागतं.

मासळीचंही गणित हेच. जिताड्याची आणि बोयांची पिल्लं उधाणाबरोबर खाजणात शिरतात, तिवरांच्या मुळांत लपून वाढतात, मग परत खाडीत जातात. दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या कोळ्यांना मिळणाऱ्या मासळीत, चिंबोऱ्यांतही, या आडोशाचा वाटा आहे. वाट बंद झाली तर पिल्लं आत येणारच नाहीत, मग आत कितीही झाडं असोत.

म्हणून आधी बुजलेली मोरी किंवा नाला मोकळा करायचा, पाणी किती उंच चढतं आणि किती उतरतं ते पाहायचं, आणि रोपांचा विचार त्यानंतर. प्रत्येक भरती नवा गाळ आणतेच, त्यामुळे मोरी दरवर्षी, पक्षी येण्याआधी, तपासून साफ करावी लागते.