मानसशास्त्राची पदवी : काय येते, काय येत नाही

बी.ए.ला मानसशास्त्र घेतले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी आम्हाला एकच विचारले, "म्हणजे तुम्ही वेड्यांच्या डॉक्टर होणार का?" आम्ही तिघी मैत्रिणींनी सरकारी विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयातून ही पदवी घेतली. यंदा बारावी झालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात, म्हणून हे लिहीत आहोत.

मानसशास्त्र म्हणजे मनातले ओळखण्याची विद्या नव्हे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीत लायपझिग येथे प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय निरीक्षण आणि मोजमापावर उभा आहे. भारतात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात त्याचा विभाग सुरू झाला. पदवीला स्मृती, अवधान, बालविकास, व्यक्तिमत्त्व, सामाजिक वर्तन आणि मानसिक विकार शिकवतात. प्रात्यक्षिकात एक विद्यार्थी प्रयोगकर्ता होतो, दुसरा प्रयुक्त. संख्याशास्त्र टाळता येत नाही. मध्यमान आणि प्रमाण विचलन आम्ही रडतरखडतच शिकलो. पुस्तके बहुतेक इंग्रजी. आम्ही मराठी-इंग्रजी शब्दांची वही केली आणि रोज थोडे-थोडे वाचले. एका रात्रीत घोकलेले लवकर विसरते, थोड्या थोड्या दिवसांनी उजळलेले टिकते, हे अभ्यासात शिकलो आणि तेच स्वतःवर वापरले.

दुसऱ्या वर्षाला असताना शेजारच्या काकू आल्या. मुलगा महिनाभर कॉलेजला गेला नव्हता. झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलणे नाही. "तुम्ही हेच शिकता ना, त्याला समजवा," काकू म्हणाल्या. आम्हाला वाटले, पुस्तकातली लक्षणे जुळवावीत आणि आजाराचे नाव सांगून टाकावे. पण बी.ए. झाल्यानेही निदान किंवा उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ हा तर वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो.

मग आम्ही काय केले? त्याच्याजवळ बसलो, उपदेश न करता ऐकले. "जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तो "हो" म्हणाला. त्याला एकटे सोडले नाही. काकूंना घेऊन त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेलो. औषधे आणि समुपदेशन सुरू झाले. पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसला.

उदासी, झोप-भूक बिघडणे, कशातच रस नसणे हे दोन आठवडे टिकले, तर त्याला आळस किंवा बाहेरची बाधा समजू नका. जीव देण्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते.

प्रवेश घेणाऱ्यांनी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर वेळेत भरावी. वसतिगृह मिळाले नाही, तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

या पदवीने आम्ही डॉक्टर झालो नाही. पण कोणाला, कधी आणि कुठे न्यायचे, हे आम्हाला कळले. वस्तीत एवढे कळणारी दोन माणसे असली, तरी एखादा जीव वाचतो.