पक्षाघाताचा प्रतिबंध आणि मोबाइलवरील ॲप : एका बालरोगतज्ज्ञाचे टिपण

बालरोगतज्ज्ञाने पक्षाघातावर लिहावे याचे संपादक मंडळातील सहकाऱ्यांना थोडे आश्चर्य वाटले. परंतु आमच्या खोलीत मूल कधी एकटे येत नाही. आई-वडील नोकरीवर असले की नातवंडाला लसीसाठी आजीच आणते. बेळगावातील इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी नातवंडांइतक्याच आज्या पाहिल्या. तपासल्या मात्र नाहीत.

त्यांपैकी एका आजींविषयी प्रथम सांगतो. खानापूर तालुक्यातल्या, वय पासष्टीच्या आसपास. नातवाला लस देत असताना त्यांच्या मोबाइलचा गजर झाला. त्यांनी पडद्यावर बोट टेकवले, हिरवी खूण उमटली. "पुण्याच्या मुलानं घालून दिलंय डॉक्टर, बीपीच्या गोळीची आठवण करतंय," असे त्या म्हणाल्या. मीही कौतुक केले. तीन महिन्यांनी नातवाला घेऊन सूनबाई आल्या. सासूबाई एका सकाळी उठल्या त्या उजवी बाजू लुळी पडलेली आणि वाचा गेलेली अशा अवस्थेत. रात्री हे नेमके केव्हा घडले ते कोणासच ठाऊक नसल्यामुळे, साडेचार तासांच्या आत द्यावयाचे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देता आले नाही. पुढे घरात गोळ्यांची न फोडलेली पाकिटे सापडली. गजर थांबावा म्हणून आजी खूण करीत, आणि बरे वाटते म्हणून गोळी घेत नसत. मोबाइलमधील तीन महिन्यांचा रकाना हिरवागार होता!

त्या दिवशी माझ्या टेबलावर रक्तदाबमापक होता, पण मोठ्या माणसाच्या दंडाला पुरेल असा पट्टा नव्हता. शेजारच्या फिजिशियन मित्राकडून तो मागविता आला असता. आजीचा रक्तदाब हा आपला विषय नव्हे, असे मी गृहीत धरले होते.

त्यानंतर या विषयाचे वाचन सुरू केले. ३२ देशांत झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, आहार, व्यायामाचा अभाव, हृदयविकार अशा दहा कारणांशी पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका निगडित असल्याचे त्यात दिसले, आणि त्यांत अग्रस्थान उच्च रक्तदाबाचे. यांतील बहुतेक गोष्टी मोजता येतात, म्हणूनच मोबाइलला या क्षेत्रात वाव आहे.

ऑकलंडचे प्रा. व्हॅलेरी फायगिन यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये आलेले 'स्ट्रोक रिस्कोमीटर' हे ॲप पुढील पाच व दहा वर्षांतील धोक्याचा अंदाज देते. रुग्णाशी बोलणे सुरू करण्यास ते उपयुक्त आहे. अट एवढीच की त्यात भरलेला रक्तदाब खरा असावा. न मोजताच १२०/८० भरणारे कमी नाहीत, आणि त्यांत आपले व्यवसायबंधूही आले. 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' या ॲपची कथा तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पट्ट्याविना, केवळ फोनच्या साहाय्याने रक्तदाब सांगणारे हे ॲप २०१४-१५ मध्ये धडाक्याने विकले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, उच्च रक्तदाब असलेल्या सुमारे पाचांपैकी चौघांना त्याने तो नसल्याचा निर्वाळा दिल्याचे आढळले. मनगटी घड्याळ नाडीची अनियमितता टिपते, हे खरे. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल कंपनीच्या अभ्यासात सूचना मिळून पुढे ईसीजी पट्टी लावलेल्यांपैकी ३४ टक्क्यांमध्येच त्या पट्टीवर एट्रियल फिब्रिलेशन आढळले. तेव्हा रक्त पातळ करणारे औषध ईसीजी पाहूनच सुरू करावे.

मोजमापाच्या पुढे जाऊन पक्षाघात खरोखर टळतो काय? हरियाणा व आपल्या कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत 'एमवेलकेअर' ही टॅबलेटवरील प्रणाली तपासली गेली. २०१९ च्या निष्कर्षांनुसार, तिच्याविना पण सुधारित रीतीने चाललेल्या केंद्रांच्या तुलनेत रक्तदाबात वा साखरेत फरक पडला नाही. 'स्प्रिंट इंडिया'मध्ये ३१ केंद्रांतील ४,२९८ पक्षाघातग्रस्तांपैकी निम्म्यांना लघुसंदेश, चित्रफिती व पुस्तिका दिल्या गेल्या. औषधे घेण्याचे प्रमाण सुधारले. परंतु पुन्हा पक्षाघात, हृदयविकाराचा झटका वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण संदेश मिळालेल्यांत ५.५ व इतरांत ४.९ टक्के, म्हणजे लाभ काहीच नाही. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

उलट चित्र चीनच्या हबेई प्रांतातील ५० खेड्यांत दिसले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिनेमा' या अभ्यासात ॲप गावच्या वैद्याच्या हाती होते. तो दरमहा रुग्णाला भेटे, रक्तदाब मोजे, गोळ्यांची चौकशी करी. शिवाय रुग्णाला रोज ध्वनिसंदेश जाई. एका वर्षात पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण तेथे ४.४ टक्के, तर इतर खेड्यांत ९.३ टक्के राहिले. सरासरी रक्तदाब मात्र जेमतेम तीन अंकांनी अधिक उतरला होता; एवढ्या फरकाने प्रमाण निम्म्यावर यावे, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. तरीही ॲप तेच काम करीत असता ते कोणाच्या हातात आहे, हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हल्ली माझ्या खोलीत तान्ह्या बाळाच्या पट्ट्याशेजारी मोठा पट्टाही असतो. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास थांबवतोच; तेवढ्यात आजीला पाच मिनिटे स्वस्थ बसवून दोनदा रक्तदाब मोजला जातो. फोनमध्ये ॲप असेल तर पाहतो, पण त्याआधी पिशवीतले गोळ्यांचे पाकीट मागतो आणि किती गोळ्या उरल्या ते मोजतो. आकडा वाढलेला दिसला तर चिठ्ठी शेजारच्या मित्राच्या नावे. आठवड्याला अशा दोन-तीन चिठ्ठ्या जातात, आणि त्यांतल्या निम्म्या आजी "आधी बाळाचं बघा" म्हणत ती चिठ्ठी पदराला बांधतात. त्या खरोखर तेथे पोहोचल्या की नाही, हे आमची परिचारिका दुसऱ्या दिवशी फोन करून विचारते.